टेप जरा पळायचा

हॉस्टेलवरच्या माझ्या खोलीतला टेप जरा पळायचा. अण्णांनी तो मिरजेत सेकंडहँड घेऊन दिला होता. आधीच्या मालकानं मोटरचा वेग ठरवणारा आतला बारीक स्क्रू कधीतरी पिळून ठेवला असावा, पण हे मला फार उशिरा कळलं. तोवर भीमसेनजी जरा अंगानं उतरल्यासारखे वाटायचे, किशोरीताई थोड्या घाईत, आणि मी दोष कॅसेटला द्यायचो.

१९९४ साली या टेपवर मी पहिल्यांदा जॉन मॅकलॉफलिन हा इंग्लिश गिटारवाला ऐकला. माझा रूममेट म्हापशाचा. त्याच्या घरी भिंतीला गिटार टांगलेली असणं हे आमच्या घरी खुंटीला छत्री असण्याइतकंच साधं होतं. त्यानं कुणाकडून तरी उतरवून आणलेली टीडीकेची कॅसेट. पट्टीवर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, 'बर्ड्स ऑफ फायर. हळू लावू नये.' लावली. आधी गाँगचे ठोके पडले, मग गिटारवर एक चक्र फिरायला लागलं, आणि त्या चक्रावर व्हायोलिन आणि ड्रम असे येऊन आदळले की शेजारच्या खोलीतला मुलगा दार वाजवायला आला. तोही मग पलंगाच्या काठावर बसून राहिला.

मी मिरजेचा. हातानं ताल धरल्याशिवाय गाणं ऐकता येत नाही, ही गावाचीच खोड. मी मांडीवर तीनताल धरून बघितला. दर आवर्तनाला दोन मात्रांनी चुकायचो. मी समेवर यायचो तेव्हा ते लोक अजून वाटेत असायचे. दोन दिवसांनी कळलं की ते चक्र अठराचं आहे. सोळाच्या मापानं अठराचं कापड मोजत बसलो होतो. त्याच कलाकाराच्या आधीच्या, म्हणजे १९७१च्या 'द इनर माउंटिंग फ्लेम'मध्ये 'द डान्स ऑफ माया' आहे. तिथं सगळा हिशोब दहाचा, आणि त्या दहाच्या हिशोबात मधेच चक्क ब्लूज सुरू होतो, गावच्या तमाशात अचानक कुणी अभंग धरावा तसा. त्या वयात अशा गोष्टी सापडल्या की माणूस आठवडाभर जमिनीवर नसतो.

दिवाळीच्या सुट्टीत टेप आणि कॅसेट दोन्ही घेऊन घरी गेलो आणि अण्णांना ऐकवलं. अण्णा शाळेत गणित शिकवायचे आणि दर्ग्यातल्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात होणारं गाणं रात्रभर मांडी न बदलता ऐकायचे. त्यांनी पहिला तुकडा पूर्ण ऐकला, टेप स्वतःच्या हातानं बंद केला आणि म्हणाले, "तयारी आहे. पुढं?"

आपल्याकडं 'तयारी' या शब्दाला दोन तोंडं आहेत. गवयाची तयारी आहे असं म्हटलं तर कौतुक. पण नुसतंच तेवढं म्हणून गप्प बसलं तर तो निकाल असतो. ताना स्वच्छ, दाणेदार, तिन्ही सप्तकांत हात फिरतो, आणि तरी ऐकणारा चपला घालताना काही गुणगुणत नाही, तेव्हा माणसं म्हणतात, तयारी आहे हो. मला अण्णांचा भयंकर राग आला. त्या दिवशी मी बोललो नाही. पण तो 'पुढं?' माझ्या कानात जो बसला, तो पुढची वीस-पंचवीस वर्षं उठला नाही, आणि मी मॅकलॉफलिनची रेकॉर्डिंगं एकेक करून जमवली ती खरं सांगायचं तर त्या एका शब्दाला उत्तर द्यायला.

२००१मध्ये मुंबईत नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मधून 'बर्ड्स ऑफ फायर'ची सीडी घेतली. भाड्याच्या खोलीवर येऊन लावली तर गाडी चढ चढत असल्यासारखी! वाटलं, प्लेअर बिघडला. दुसरी सीडी लावून बघितली, ती बरोबर. मग हार्मोनियमवाल्या मित्राला बोलावून जुना टेप आणि सीडी शेजारी शेजारी लावून सूर जुळवले, तेव्हा उलगडा झाला. टेप नेमका अर्ध्या पट्टीनं वर वाजत होता. म्हणजे सात वर्षं मी मुळातच भन्नाट वेगाच्या माणसाला आणखी सहा टक्के वेगानं ऐकत होतो आणि त्यालाच त्याचं गाणं समजत होतो. वर अण्णांनाही तसाच ऐकवला होता.

ती सीडी सुरुवातीला सपक वाटली. मग हळूहळू त्या सहा टक्क्यांत काय काय दडपलं गेलं होतं ते दिसायला लागलं. तानेच्या आधी एक बारीक श्वास असतो. जेरी गुडमनचं व्हायोलिन आणि गिटार एकच ओळ जुळून वाजवतात, तेव्हा ती जुळणी शंभर टक्के नसते. एक जण केसभर मागं असतो, आणि त्यामुळंच ती ओळ दोन माणसांची वाटते. बिली कोबॅमचा ड्रम वादळासारखा वाटायचा. आता त्यात ठेका ऐकू आला.

मग मी उलटा प्रवास सुरू केला, आधीच्या रेकॉर्डिंगकडं.

मॅकलॉफलिन १९४२चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातल्या डॉनकास्टरचा. आई व्हायोलिन वाजवायची. १९६९च्या जानेवारीत त्यानं लंडनमध्ये 'एक्स्ट्रापोलेशन' ही स्वतःची पहिली रेकॉर्ड केली आणि लगेच टोनी विल्यम्स या ड्रमरच्या बोलावण्यावरून न्यूयॉर्क गाठलं. तिथं येऊन महिनाही झाला नव्हता, तोवर १८ फेब्रुवारीला तो माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवाल्याच्या स्टुडिओत बसलेला होता. 'इन अ सायलेंट वे' हा तुकडा मूळ जो झाविनुल नावाच्या वादकाचा, त्यात कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर, भरपूर. माइल्सनं त्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि या नव्या, घाबरलेल्या पोराला सुरुवात करायला लावली. सूचना काय, तर गिटार वाजवताच येत नाही असं समजून वाजव. हे मॅकलॉफलिननं नंतर कितीतरी मुलाखतींत सांगितलंय.

हे रेकॉर्डिंग ऐकताना दर वेळी मला पहिल्यांदा स्टेजवर ढकललेला शागीर्द दिसतो. तो ई कॉर्ड चाचपतो, एक सूर ठेवतो, थांबतो, पुढचा ठेवावा की नाही असा विचार करतो. एवढी बोटं चालणारा माणूस, आणि सगळी तयारी दाराबाहेर चपलांपाशी काढून ठेवायला लावलेली. निर्माता टिओ मसेरो यानं तर टेप कापून ती सुरुवातीची मिनिटं शेवटीही जशीच्या तशी चिकटवली, त्यामुळं एकच चाचपडणं आपण दोनदा ऐकतो. दुसऱ्यांदा ते चाचपडणं वाटत नाही. याला गाणं म्हणतात, असं मी त्या रात्री अण्णांना मनातल्या मनात सांगून टाकलं.

दुसरा पुरावा ७ एप्रिल १९७०चा, माइल्सचाच 'राइट ऑफ' हा तुकडा. माइल्स आत मसेरोशी बोलत बसलाय, वादक ताटकळलेत. कंटाळून मॅकलॉफलिन एक साधा, डुलत जाणारा शफल ठेका सुरू करतो, कोबॅम आणि बासवाला मायकेल हेंडरसन त्यात मिसळतात. दोनेक मिनिटांनी माइल्स ट्रंपेट घेऊन येताना दिसतो. आता गिटारवाला काय करतो? आवाज खाली आणतो आणि ईवरून बी फ्लॅटवर सरकतो. हेंडरसनच्या ते लक्षात येत नाही, तो ईवरच राहतो. दोन्ही सूर एकमेकांना बोचतात, आणि त्या बोचऱ्या फटीतून ट्रंपेट आत येतं. मला विचाराल तर मॅकलॉफलिनच्या आयुष्यातली सगळ्यात भारी जागा ही आहे, आणि त्या जागी तो जवळजवळ काहीच वाजवत नाहीय. आपल्याकडं मुख्य गवई स्वर लावणार म्हणताना सारंगीवाला गज जसा हलका करतो, तसं. संगत ही गोष्ट न्यूयॉर्कच्या स्टुडिओतही अशीच चालते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

'बर्ड्स ऑफ फायर' ज्या संचाची, त्या महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या काळाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर रानभर लिहिलं गेलंय. त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं 'महाविष्णू' हे नाव, पांढरे कपडे, दोन मानांची गिटार, एका मानेला सहा तारा आणि दुसरीला बारा. पहिला संच दोन-अडीच वर्षांत, १९७३ संपता संपता फुटला. नंतर लंडन सिम्फनी घेऊन केलेलं 'अपोकॅलिप्स' मी तीन वेळा प्रामाणिकपणे ऐकायला बसलो आणि तिन्ही वेळा स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवून उठलो.

खरी गोष्ट पुढं आहे.

५ जुलै १९७५. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर साउथहॅम्प्टन कॉलेजात एक कार्यक्रम झाला, त्याचंच पुढं 'शक्ती' या त्याच्या नव्या संचाचं पहिलं रेकॉर्ड निघालं. मॅकलॉफलिन तेव्हा ३३ वर्षांचा, विजेच्या गिटारवर जगात ज्याच्याकडं बोट दाखवावं असा. आणि तो अँप्लिफायरची भिंत सोडून सतरंजीवर मांडी घालून बसला. शेजारी २४ वर्षांचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम आणि मृदंगावर आर. राघवन. नाव मोठं झालेला माणूस परत विद्यार्थ्यांच्या रांगेत बसतो, हे आपण चरित्रांत वाचतो. इथं ते ऐकू येतं. तो वेस्लियन विद्यापीठात वीणा शिकायला जात होता. वीणा शेवटी त्यानं सोडली, पण वीणेनं गिटार सोडली नाही.

म्हणजे काय, ते मला मिरजेतच समजलं. 'शक्ती'साठी एब वेक्टर या कारागिरानं गिब्सन कंपनीसाठी जी गिटार बनवली, तिचा फोटो छापून घेऊन मी सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुकानात अण्णांच्या ओळखीचे चाचा असत. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांची रास मागं, पुढं कानशीनं सतारीची घोडी, म्हणजे तारा टेकायची पट्टी, घासणं चाललेलं. चाचांनी चष्मा वर करून फोटो बघितला. त्या गिटारीत पोकळीच्या तोंडावरून मुख्य तारांखालून तिरप्या सात तारा गेलेल्या आहेत. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, चाचा, गिटारीला तरफ!

"ही तरफ नव्हं," चाचा म्हणाले. "तरफ बाजाच्या तारेखालनं तिच्याबरोबर धावती. ही आडवी गेलीय. हे स्वरमंडळ बसवलंय त्यानं पोटावर. बोटानं छेडत असंल." आणि खरंच, 'जॉय'मध्ये तो मधूनच त्या तारांवरून बोट ओढतो. मग चाचांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "पडद्यांमधलं लाकूड खरवडून काढलंय बघ. होडीसारखं. ह्याला मींड काढायचीय. बोटाखाली लाकूड नको झालंय ह्याला." आणि शेवटी, "जवारी कुठं हाय?" मी म्हटलं, घोडी घासून तारेला आणलेली ती झणझण, जवारी, गिटारीला नसते. "मग सगळं करून ते राहिलंच की," असं म्हणून ते परत घोडी घासायला लागले.

हा मी वाचलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा नेमका आढावा आहे. गिटारीचे पडदे पक्के, सूर पायऱ्या-पायऱ्यांचे. गमक आणि मींड यांना लागते घसरण. वीणेवर, सतारीवर तार ओढायला, दाबायला जागा असते. गिटारीत बोट लाकडावर टेकतं आणि अडतं. लाकूड खरवडलं की बोट अधांतरी, नुसत्या तारेवर. मग किती दाबायचं हा हिशोब सर्वस्वी कानाचा. जरा जास्त दाबलं की बेसूर. जगातल्या सर्वांत वेगवान गिटारवाल्यानं स्वतःच्या वाटेत जाणूनबुजून हे खड्डे खणून घेतले होते.

'जॉय' अठरा मिनिटांचा आहे आणि त्यात वेग काही कमी नाही. पण त्याच बाजूला 'लोटस फीट' आहे, पाच मिनिटांहून कमी. साधी चाल, दोन-तीनदा परत येणारी. तो गिटारीवर ती म्हणतो, शंकरचं व्हायोलिन ती उचलतं, झाकीरभाई तबल्याला जेमतेम स्पर्श करतात. तयारीचं एकही प्रदर्शन नाही. मुंबईच्या लोकलमध्ये हेडफोन लावून हे ऐकताना मी दोनदा दादरला उतरायचा राहिलोय.

मूळ शक्ती तीन रेकॉर्डिंगं करून १९७७-७८च्या सुमारास थांबलं. 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' आणि 'नॅचरल एलिमेंट्स' ही उरलेली दोन. या दोनांतल्या पहिल्यातला 'ला दान्स द्यू बोनर' कोन्नकोलनं, म्हणजे तोंडी बोलांनी सुरू होतो. तबल्याची पढंत ऐकून वाढलेल्या माणसाला ते ऐकून हसूच फुटतं, आनंदाचं. तो बोलांचा नाद त्याला पुढं सुटला नाही. २००७मध्ये त्यानं विक्कूंचा मुलगा सेल्वगणेश याच्याबरोबर कोन्नकोल शिकवणारी डीव्हीडीच काढली.

लोकांना मात्र विचारलं तर ते 'फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को'चं नाव घेतील. ५ डिसेंबर १९८०, तीन गिटारवाले, पाको दे लुसिया, अल दि मेओला आणि हा. श्रोते शिट्ट्या मारताहेत, ओरडताहेत, कुस्तीच्या फडासारखं वातावरण. मला ते आवडत नाही असं म्हणणं खोटं होईल. पण एक कबुली देतो. त्यातला पहिला तुकडा सगळ्यांत गाजलेला. मी कित्येक जणांना समोर बसवून, 'ऐक, हा मॅकलॉफलिन' असं सांगत तो ऐकवलाय. त्यात तो नाहीच. तिथं फक्त पाको आणि दि मेओला आहेत. इतक्या वर्षांचा भक्त, आणि देव गाभाऱ्यात नाही हे कळलं नाही. वेगाच्या सपाट्यात कुणाचाही हात कुणाचाही वाटतो, एवढाच त्याचा अर्थ मी लावला आणि तो विषय घरात काढायचं बंद केलं.

१९८९चं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधलं रेकॉर्डिंग मराठी माणसानं आवर्जून ऐकावं, कारण तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू आहेत, शोभाताईंचे चिरंजीव. ते गुडघ्यावर बसून वाजवतात आणि झांजा-गाँग पाण्याच्या बादलीत बुडवून सूर वाकवतात. आईनं ठुमरीत एकेका शब्दाला कसं वाकवलं हे ज्यांनी ऐकलंय त्यांना ती बादली विचित्र वाटणार नाही.

आणि मग 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे', २००१. 'रिमेंबर शक्ती' या नावानं परत जमलेला संच, मुंबईत. मेंडोलिनवर यू. श्रीनिवास, शंकर महादेवनचा आवाज, आणि 'शृंगार' नावाच्या पंचवीसेक मिनिटांच्या रचनेत पंडित शिवकुमार शर्मांचं संतूर. मी मॅकलॉफलिनसाठी 'शृंगार' परत परत लावतो, आणि तो त्यात जपून पावलं टाकतो. संतूरचे थेंब पडत असतात आणि गिटार खालून पाणी धरायला भांडं ठेवावं तशी कुठं कुठं ठेवलेली. साठीला आलेला माणूस. माइल्सनं १९६९मध्ये दटावून करवून घेतलं ते आता तो आपणहून करतो.

२०२३मध्ये शक्तीचं 'धिस मोमेंट' आलं. कोविडच्या दिवसांत प्रत्येकानं आपापल्या ठिकाणी बसून वाजवलेलं, मग एकत्र शिवलेलं. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. मला शिवण दिसते. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडं बघून थांबणं त्यात नाही. पण बक्षीस घेताना झाकीरभाई ज्या आनंदात होते तो बघितला आणि मी तक्रार गिळली. १५ डिसेंबर २०२४ला ते गेले. श्रीनिवास तर त्याच्या दहा वर्षं आधीच, पंचेचाळिशीत गेले होते.

त्या डिसेंबरात मी मिरजेला होतो. अण्णा आता ८६ वर्षांचे, दिवसातला बराच वेळ आतल्या खोलीत पडून असतात, कानाचं यंत्र उशाशी. माळा आवरताना जुना टेप सापडला आणि त्यात तशीच अडकलेली ती टीडीकेची कॅसेट. वायर जोडली, बटण दाबलं. चालू झाला. पण तीस वर्षांत आतला रबरी पट्टा सैल पडलेला, त्यामुळं आता तो पळत नव्हता, रेंगाळत होता. चांगला दीड-दोन पट्टी खाली. गाँग देवळातल्या जुन्या घंटेसारखी, आणि गिटार एकेक पायरी बघून उतरणारी. मी अठरा मात्रा बोटांवर सावकाश मोजल्या, पहिल्यांदाच न चुकता.

आतून खोकल्याचा आवाज आला. अण्णांनी यंत्र कानात घातलं असावं.

"हा कोण रे?" ते म्हणाले. "थांबून वाजवतोय."

"तोच अण्णा. तुम्ही बंद केलेला."

"छे," अण्णा म्हणाले. "तो वेगळा होता. आवाज वाढव जरा."